सहावं कडवं

आश्विन लागला की आमच्या नांदुऱ्याच्या हवेत सोयाबीनचा भुसा उडतो. शिवारात मळणीयंत्रं घरघरत असतात आणि तो बारीक, पिवळट धुरळा खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या कपातसुद्धा येऊन बसतो. मला त्यानं शिंका येतात. काल दुपारी घरामागच्या वावरात यंत्र सुरू झालं तेव्हा मांडणीतल्या ताटल्या थरथरल्या, शेजारच्यांचं कुत्रं खाटेखाली जाऊन बसलं, आणि माझी लेक खिडकीकडे पाठ करून निवांतपणे वहीच्या मागच्या पानावर फुलं काढत बसली होती. पूर्वा आता अकरा वर्षांची आहे. तिला मळणीयंत्र ऐकू येत नाही.

या महिन्याची मला भीती वाटते. हे लिहायलाही लाज वाटते, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. आठवीला ध्वनीचा धडा मीच घेते. डब्याच्या तोंडावर फुगा ताणून बसवायचा, वर मोहरीचे दाणे टाकायचे आणि एकेका पोराला जवळ येऊन ओरडायला लावायचं. मोहरी नाचते, वर्ग हसतो. आवाज म्हणजे कंपन, त्यात दुसरं काहीही नाही, असं मी वर्षानुवर्षं ठणकावून सांगत आले. अजूनही सांगते. ठणकावणं मात्र कमी झालंय.

पूर्वाचे कान चालले आहेत हे आम्हाला कळलं तेही आश्विनातच, भुलाबाईत. आमच्या गल्लीत अजून पोरींची भुलाबाई बसते, भोंडल्यासारखीच गाणी असतात. गाणी संपली की खाऊचा डबा पोरींच्या कानाशी खुळखुळवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. फुटाणे वेगळे वाजतात, शेंगदाणे वेगळे, आणि शिरा असला की डबा नुसता धप्प करतो. पूर्वा या खेळात वस्ताद होती. सहाव्या वर्षी तिनं साबुदाण्याचे पापड ओळखले होते, मोडलेले की अख्खे तेसुद्धा. आठव्या वर्षी ती रोज चुकायला लागली. पोरी फुटाणे खुळखुळवत आणि ही म्हणे, शिरा. सगळ्या हसत. मीही हसले होते, ते मला आठवतं.

मग अकोल्याच्या डॉक्टरांच्या खेपा सुरू झाल्या. दोन्ही कानांच्या नसा कमजोर होत आहेत, म्हणाले. मशीन लावा. पुढे किती जाईल, किती वेगानं जाईल, हे आज सांगता येणार नाही. निघताना त्यांनी सहज म्हटलं, "तोपर्यंत जितकं ऐकवता येईल तितकं ऐकवा." ते बिचारे धीर द्यायला बोलले असतील. मी ते गृहपाठासारखं घेतलं.

मी हावरट झाले. पहाटेचे पक्षी, कुकरची शिट्टी, पळसाच्या पानावर पडणारं पाणी, माझ्या माहेरी वडनेरला विहिरीत सोडलेल्या बादलीचा आवाज, सगळं तिच्या कानात भरून ठेवायचं म्हणून मी तिला हाताला धरून फिरवत होते. सतीश, म्हणजे माझा नवरा, एकदा वैतागून म्हणाला, "काऊन तिले असं हिंडवून राह्यली वं? लोनचं घालून राह्यली का आवाजाचं?" मी लोणचंच घालत होते. पुढच्या सगळ्या वर्षांना पुरेल असं काहीतरी मला मुरवून ठेवायचं होतं.

आणि त्यात गाणं हवंच होतं. मोबाइलमधलं नको. समोर बसलेल्या माणसाच्या छातीतून निघालेलं गाणं, ज्याचा श्वास तुटलेलाही दिसतो. माझ्या लहानपणी पिकं घरात आली की गावोगाव डफावर गाणारी मंडळी यायची. तसं काही पूर्वाला ऐकवायचं असं मी पुढच्या आश्विनात ठरवलं. दोन वर्षं झाली त्याला.

निवड मी केली. हे मला स्पष्ट लिहायचं आहे. सतीशनं फक्त गाडी चालवली.

मोबाइलवर तीन महोत्सवांच्या जाहिराती आल्या होत्या. एक मोठ्या गावातला, मैदानात, भिंतीएवढ्या स्पीकरांचा. गणपतीत असल्या स्पीकरांपुढे पूर्वा मशीन काढून, कान दाबून रडली होती, म्हणून तो बाद. दुसरा साखरखेर्ड्याच्या बाजूला, पण जाऊन-येऊन दिवस मोडणार आणि कार्यक्रम सुरू व्हायचा तोच रात्री नऊला. तिसरा सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका लहानशा गावातला. नावाला महोत्सव. जाहिरात म्हणजे हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो. खाली एक ओळ होती, ‘लेकराबाळांसह या, लेकरांना पुढे बसण्याची सोय आहे.’

मी फोन लावला. मी सवयीनं यादी करूनच बोलते. सावली आहे का, प्यायचं पाणी, संडास, कार्यक्रम केव्हा संपणार. पलीकडे देवराव नावाचे गृहस्थ होते, तेच मुख्य गाणारे.

"माइक आहे का?" मी शेवटी विचारलं.

"माइक नाही ताई. दुपारची लाइनच नसते आमच्याकडं, माइक कायले आनतो? लेकरं घिऊन या. दिवस हाय तोवर उरकतो आमी. सांजच्याले डोंगरातून जनावर उतरते."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. माझ्या यादीतल्या सगळ्या खुणा बरोबर लागल्या होत्या.

त्या दिवसाचं ऊन मला अजून दिसतं. ऑक्टोबरचं ते खरपूस, पांढरं ऊन. रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कपाशी फुटलेली, आणि इतक्या मोठ्या शिवारात वेचणारं एकही माणूस नाही. "सारे गान्याले गेले असतीन," सतीश म्हणाला. गाव आलं तर गल्ल्याही रिकाम्या. दारं सताड उघडी, अंगणात चुली धुमसत होत्या, एका घरापुढे पाळणा हलत होता आणि आत कुणी नव्हतं. सावल्या जिथल्या तिथे पडल्या होत्या. आवाज म्हणाल तर काहीच नाही. मी पूर्वाकडे पाहिलं. तिला जसं जग ऐकू येतं तसं मला त्या पाच मिनिटांत ऐकू आलं असावं, असं नंतर वाटलं.

गाव खरंच नदीकाठच्या चिंचेखाली जमलं होतं. शंभरेक माणसं असतील. एका बाजूला बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा स्वयंपाक चालला होता, सतीशचं लक्ष तिकडेच. चिंचेच्या बुंध्याशी चार गाणारे अर्धगोल करून बसले होते. मधे डफ घेतलेले देवराव, त्यांच्या उजव्या हाताला दोघं, डाव्या हाताला एक. त्या एकाच्या पलीकडे घडी घातलेली काळी घोंगडी अंथरलेली होती, आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

लेकरांना पुढे बसण्याची सोय. मी पूर्वाला नेऊन त्या घोंगडीवर बसवलं.

चौघांनीही माझ्याकडे पाहिलं. देवरावांचा हात डफावर ठेवलेला तसाच राहिला. समोरच्या बायांत बसलेली एक म्हातारी अर्धवट उठली आणि परत बसली. मला वाटलं, शहरातली बाई आली म्हणून बघताहेत. मी हसून मान हलवली आणि मागे येऊन बसले. मी वळण्याआधीच पूर्वानं दोन्ही मशीन कानातून काढून माझ्याकडे देऊन टाकल्या होत्या. डफ जवळ वाजला की त्या चिरचिरतात. असू दे, इतक्या जवळून तिला तशीच पोचेल थाप, असा मी विचार केला आणि मशीन पर्समध्ये ठेवल्या.

बरीच गाणी झाली. पेरणीचं, नणंद-भावजयीचं, एक चावट जावयाचं, त्यावर बाया पदर तोंडाला लावून हसल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा देवराव म्हणाले, आता नदीचं. आणि गर्दी सरसावून बसली.

नदीचं गाणं सात कडव्यांचं आहे. एक जण पूर आलेल्या नदीपाशी येतो आणि तिच्याकडे पलीकडे जायला उतार मागतो. नदी प्रत्येक कडव्यात काहीतरी मागून घेते.

नदीबाई नदीबाई, मले दे वं उतार,
पागोटं दे डोईचं, मंग जाजो तू पार.

शेवटचा तुकडा बाकीचे तिघं, म्हणजे झीलकरी, उचलतात, दोनदा, ‘मंग जाजो तू पार, मंग जाजो तू पार’. चाल इतकी साधी की पाळण्यावर म्हणावी. दुसऱ्यांदा नदी खांद्यावरचा शेला मागते, मग बोटातली अंगठी. चौथ्यांदा पायाखालची सावली मागते. पाचव्यांदा त्याचं नाव. तो देत जातो. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला, आणि मी तो गाणाऱ्यांच्या खात्यावर जमा केला, वा म्हटलं.

सहाव्या कडव्याला चौघं गप्प झाले. देवराव नुसता डफ वाजवत राहिले, मोठ्यानं, एका कडव्याला लागेल तितका वेळ. कुणाचे ओठ हलत नव्हते. बायांनी, एकजात सगळ्या बायांनी, पदर कानावरून ओढून घेतले होते. मी पूर्वाकडे पाहिलं. ती आपल्या डाव्या बाजूला मान वळवून, जरा वर पाहत, लक्ष देऊन बसली होती. माझं बोलणं ऐकताना ती जशी ओठांकडे पाहते तशी. तिच्या डावीकडे कुणीही नव्हतं. चिंचेची सावली होती आणि पुढे नदीकडे उतरणारी पायवाट.

मग सातवं कडवं आलं.

माय काठावर उभी, हाका मारू मारू थके,
लेक पल्याड चालला, मांगं वळून न देखे.

गाणं तिथेच संपतं. बाया त्या लेकाला मनापासून शिव्या घालतात, तीही रीतच आहे म्हणे. "मेल्यानं मायकडे पाह्यलंबी नाही," असं म्हणत बोटं मोडतात आणि जेवायला उठतात.

ती म्हातारी माझ्यापाशी आली. अंगावर विटकं हिरवं लुगडं, कपाळ मोकळं.

"पोरगी तुही काय वं माय?"

"हो."

"तिले तिथं कोनं बसवलं?"

"मीच बसवलं. लेकरांची जागा ना ती?"

"लेकराईची सतरंजी तिकडं हाय," तिनं हात केला. होती खरंच, चिंचेच्या दुसऱ्या अंगाला, त्यावर पोरं बट्टी खात होती. "ते घोंगडं आमच्या बुवाचं. भादव्यात गेले. वरीसभर जागा ठुतो आमी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले. ती म्हणाली, "असू दे. बसल्या लेकराले उठवत नाही आमी."

तिनंच मग सांगितलं. सहावं कडवं तिच्या नवऱ्याकडे होतं. ते कडवं मोठ्यानं म्हणायचं नसतं. डफ जोरात वाजवायचा आणि ज्याच्याकडे ते आहे त्यानं त्या आवाजाखाली ओठातल्या ओठात म्हणायचं, कुणालाही ऐकू जाऊ नये असं. म्हातारपण आलं की दुसऱ्या कुणाच्या तरी कानात सांगून मोकळं व्हायचं. बुवा शेतात उभ्या उभ्या गेले, सांगायचं राहिलं.

"पण कुणी ऐकायचं का नाही?" मी विचारलं.

"मायच्या कानी पडू देत नाही ते," ती म्हणाली. मग तिनं पूर्वाला हाक मारली. पूर्वा आली नाही, हाक तिला गेलीच नव्हती. मी घाईनं सांगितलं, तिला कमी ऐकू येतं, मशीन काढल्या आहेत. म्हातारी माझ्या जवळ सरकली.

"बुवालेबी ऐकू येत नव्हतं सरत्याले. त्याच्या आंधीच्या बुवालेबी. ते कडवं ज्याच्यापाशी, त्याचे कान जातेत माय."

चाळीस वर्षं कानाशी डफ वाजला तर कान जाणारच, असं मी मनात लगेच म्हटलं. विज्ञानाची बाई आहे मी. मला ते उत्तर त्या क्षणी सुचलं याचा मला अभिमानही वाटला. तरी जेवणावरून मी पूर्वाला उठवलं आणि सतीशला गाडी काढायला लावली. त्याची दुसरी बट्टी ताटातच राहिली, हे तो मला अजून ऐकवतो.

परत येताना वाटेत पूर्वानं मशीन लावून घेतल्या आणि म्हणाली, "आई, ते सारे गप्प झाले ना, तवा बाजूचे आबा एकटेच म्हनत होते. लय छान."

सतीशनं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"कोणते आबा?"

"माह्या बाजूचे."

"काय म्हणत होते?"

तिनं जरा विचार केला. "नाही सांगत. तुले रडू येईन."

पुढच्या आठ महिन्यांत तिचे कान वेगानं गेले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, काही मुलांचं एकदम जातं, त्याला कारण नसतं. मी त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? मी एका घोंगडीवर मुलगी बसवली होती? तपासणीचा आलेख दर वेळी खाली उतरलेला असायचा आणि मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवायचे. आठवीचा ध्वनीचा धडा त्या वर्षी मी दुसऱ्या बाईंना घ्यायला लावला. सतीशशी फक्त एकदा बोलले. तो म्हणाला, "पागल झाली का? डॉक्टर आंधीच बोलले होते ना जाईन म्हनून." बोलले होते. मलाही पाठ आहे. पण दुपारी घर शांत असलं की मला ती यादी आठवते, सावली, पाणी, संडास, आणि प्रत्येक ठिकाणी मी किती समाधानानं खूण केली होती ते. तीनातून मी एक निवडलं. मोठ्या गावातल्या मैदानात गेलो असतो तर ती फार तर रडली असती.

देवरावांचा एकदा फोन आला होता, पुढच्या वर्षी. येता का म्हणून. त्यांनी घोंगडी उचलली होती, पण सहाव्या कडव्याला अजून नुसता डफच वाजतो म्हणाले. मी शाळेचं कारण सांगितलं.

आता मशीनचाही उपयोग होत नाही. ऑपरेशनचं बोलणं चाललं आहे, त्यानं काय परत येईल आणि काय नाही ते पुढच्या तपासणीत कळेल. पूर्वा ओठ वाचते, वहीवर लिहून भांडते, शाळेत तिला दोन मैत्रिणी आहेत. ती दुःखी नाही. दुःखी मी आहे, आणि ते तिला दिसतं म्हणून ती माझ्यापुढे जरा जास्तच हसते. मला अजून हाक मारायची सवय गेलेली नाही. दिवसातून दहादा मी जिन्याखाली उभी राहून ‘पूर्वाऽ’ म्हणून ओरडते आणि मग आठवून स्वतःच वर जाते.

आजही तसंच झालं. चार वाजले होते. गच्चीवर उडीद वाळत घातला होता आणि पूर्वा तो पायानं परतायला गेली होती. मी चहा केला, हाक मारली, दोनदा, तीनदा. मग जिना चढले. दाराशी पोचले आणि थबकले.

ती गात होती. दोन वर्षांत मी तिला गाताना ऐकलं नव्हतं. तिच्या बोलण्यातले सूर हल्ली वेडेवाकडे होतात, शब्द घसरतात, पण गाणं स्वच्छ होतं, चालीत होतं. माझ्याकडे पाठ करून, उडदात पाय ओढत, सातपुड्याच्या बाजूला तोंड करून ती नदीचं गाणं म्हणत होती. शेला झाला, अंगठी झाली. सावली झाली. प्रत्येक कडव्यानंतर ती थांबायची आणि पायानं ठेका धरायची, झीलकऱ्यांना लागेल तेवढाच वेळ, आणि मग पुढचं उचलायची.

नाव दिलं. त्या बायांसारखा पदर कानावर ओढून घ्यायची हीच वेळ होती. ड्रेसवर ओढणीसुद्धा नव्हती, आणि असती तरी हात हलला नसता.

नदीबाई नदीबाई, मले दे वं उतार,
हाक दे तुह्या मायची, मंग जाजो तू पार.

इतकंच होतं. इतक्यासाठी एवढा डफ. तो पोरगा काठावरच्या आईला विसरला नव्हता, उर्मटही नव्हता. त्यानं मागे पाहिलं नाही कारण तिची हाक तो देऊन बसला होता. आणि ती काठावर उभी राहून ओरडत होती, आणि इतकी वर्षं बाया त्यालाच शिव्या देत होत्या. मला रडू आलं. लेकीनं सांगितलं होतंच, येईल म्हणून.

पूर्वा थांबली होती. पायाचा ठेका चालू होता. झिलेची जागा मोकळी होती आणि गच्चीवर आम्हा दोघींखेरीज कुणी नव्हतं.

मी झील धरली. "मंग जाजो तू पार." झील दोनदा म्हणायची असते म्हणून परत म्हटलं. पूर्वानं मागे वळून पाहिलं नाही. माझा शेवटचा शब्द संपेपर्यंत ती थांबली, आणि मग तिनं सातवं कडवं उचललं.